मान आणि डोक्यातल्या धमनीचे डिसेक्शन का होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेक्शन म्हणजे धमनीच्या भिंतीचे पदर उकलणे. त्याबद्दलचे हे प्रश्न मुख्यतः रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून येतात. त्यातला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न चौथा आहे. घाईत असाल तर तो आधी वाचा. आत्ता या क्षणी मानेत किंवा डोक्यात नवे दुखणे असून सोबत पापणी उतरली असेल, बोलणे अडखळत असेल किंवा तोल जात असेल, तर वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

१. डिसेक्शन म्हणजे धमनी फुटते का?

बहुतेक वेळा नाही. धमनीच्या भिंतीला तीन पदर असतात: आत रक्ताला लागून असलेले पातळ अस्तर, मधला स्नायू आणि लवचीक तंतूंचा थर आणि बाहेरचे चिवट आवरण. डिसेक्शनमध्ये हे पदर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत रक्त साचते. रक्त तिथे दोन वाटांनी पोचते. एक तर आतल्या अस्तराला चीर पडते आणि धमनीतलेच रक्त दाबाने भिंतीत घुसते. किंवा भिंतीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांपैकी एखादी फुटते आणि अस्तर शाबूत असूनही भिंतीच्या आतच गाठ तयार होते.

पुढे काय होणार हे रक्त कुठे साचले यावर ठरते. ते अस्तराच्या लगत साचले तर धमनी आतून दाबली जाते, अरुंद होते, कधी पूर्ण बंद पडते. बाहेरच्या आवरणालगत साचले तर भिंत बाहेर फुगते आणि फुगा तयार होतो. मेंदूला धोका मात्र बहुतांशी तिसऱ्याच गोष्टीचा असतो. खडबडीत झालेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जाऊन अडकतो. डिसेक्शननंतरचे बहुसंख्य स्ट्रोक (पक्षाघात) असे होतात. नुसता प्रवाह कमी पडल्यामुळे होणारे स्ट्रोक त्या मानाने थोडे.

२. हे नेमकं कुठे होतं?

मानेत मेंदूकडे जाणाऱ्या चार मोठ्या धमन्या आहेत: पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड आणि मणक्यांच्या आडून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. कॅरोटिडला जबड्याच्या कोनाजवळ दोन फाटे फुटतात. तिची आतली शाखा या फाट्यापासून साधारण २ ते ३ सेंटिमीटर वर, कवटीत शिरण्याआधी उकलते. चरबीचा थर साचून होणारा अडथळा मात्र थेट फाट्यावरच असतो. स्कॅनच्या चित्रात दोष नेमका कुठे आहे एवढ्यावरूनही अनुभवी रेडिऑलॉजिस्टला कारणाचा अंदाज येतो, तो यामुळेच.

व्हर्टिब्रल धमनी बहुतेकांमध्ये मानेच्या सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते, एकेक छिद्र ओलांडत वर चढते आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत जाते. तिचे डिसेक्शन सर्वाधिक होते ते या वरच्या वळणापाशी, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या आसपास. आपण मान वळवतो त्यातले जवळजवळ अर्धे फिरणे याच सांध्यात होते, त्यामुळे धमनीला सर्वात जास्त ताण आणि पीळ इथेच बसतो.

कवटीच्या आतल्या धमन्यांसाठी प्रश्न १४ पाहा.

३. हा आजार दुर्मिळ आहे का? कोणाला होतो?

लोकसंख्येच्या हिशेबाने दुर्मिळच. वर्षाला दर लाखात सुमारे ३ जणांना होतो, आणि त्यात कॅरोटिडचे प्रमाण व्हर्टिब्रलपेक्षा थोडे जास्त. गुठळीमुळे होणाऱ्या सगळ्या स्ट्रोकपैकी फक्त २ टक्के स्ट्रोकांमागे डिसेक्शन असते. पण तरुण आणि मध्यमवयीन रुग्णच मोजले तर हा आकडा १० ते २५ टक्क्यांवर जातो. रुग्णांचे सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास. तिशीतल्या धडधाकट माणसाला स्ट्रोक आला की मानेच्या धमन्या तपासाव्याच लागतात, त्या यामुळे.

४. मला ना अपघात झाला, ना मार लागला. मग धमनी आपोआप फाटली का?

«आपोआप» हा शब्द निदानपत्रावर असतो आणि रुग्णाला तो छळतो. त्याचा अर्थ इतकाच की मोठी इजा झालेली नव्हती. विनाकारण झाले, असा त्याचा अर्थ नाही.

बहुतेक रुग्णांमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे भिंतीचा मूळचा किंवा तात्पुरता कच्चेपणा: जन्मजात जनुकीय कल, मायग्रेनची प्रवृत्ती, नुकताच झालेला संसर्ग, बाळंतपणानंतरचे बदल, धमनीचा नागमोडी आकार. दुसरी म्हणजे एखादा किरकोळ ताण, जो दुसऱ्या कोणाच्या धमनीने सहज सोसला असता. शिवणीचा दोरा आधीच झिजलेला असेल तर कापड साध्या ओढीनेही उसवते. मग दोष ओढीचा की दोऱ्याचा, असे वाटून सांगता येत नाही.

युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात डिसेक्शनच्या सुमारे ४० टक्के रुग्णांनी आदल्या महिनाभरात मानेला काहीतरी झटका किंवा ताण बसल्याचे सांगितले. इतर कारणांनी स्ट्रोक आलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के, तर निरोगी लोकांमध्ये १९ टक्के होते. सांगितलेल्या घटनांपैकी बहुतेक किरकोळ होत्या. या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. झटक्याचा संबंध नक्की आहे. आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना कोणताही झटका आठवत नाही.

म्हणून «मी काय चुकीचे केले» या प्रश्नाचे आमचे उत्तर स्पष्ट आहे: जवळजवळ नेहमीच, काहीही नाही. तुम्ही मागे वळून पाहिलेत, शिंकलात, बाळाला उचललेत. हे रोज कोट्यवधी लोक करतात. आठवेल ते डॉक्टरांना जरूर सांगा, पण आठवलेल्या गोष्टीवर खापर फोडून स्वतःला कोसत बसू नका.

५. «किरकोळ ताण» म्हणजे नक्की कोणत्या हालचाली?

मान मागे टाकून एका बाजूला वळवणे ही सर्वात नाजूक स्थिती. त्या वेळी विरुद्ध बाजूची कॅरोटिड वरच्या मणक्यांच्या आडव्या टोकांवर ताणली जाते आणि व्हर्टिब्रल पहिल्या मणक्यापाशी पिळली जाते. वैद्यकीय नोंदींमध्ये वारंवार येणारे प्रसंग असे: छत रंगवताना बराच वेळ वर पाहणे, केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टेकवणे, जड वजन झटक्याने उचलणे, जोराचा खोकला, उलट्या किंवा शिंका, फुटबॉलमधला हेडर, कुस्ती, गोल्फ किंवा टेनिसमधला जोराचा पीळ, जत्रेतले झटके देणारे पाळणे, मानेवर शरीराचा भार येणारी योगासने.

या यादीवरून ही कामे कायमची सोडून द्यायची नसतात. धोका स्थितीपेक्षा झटक्यात आणि कालावधीत जास्त असतो. केस धुताना मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मान मागे लोंबकळू दिली नाही, तर ताण बराच कमी होतो. छताचे काम करताना शिडीची उंची अशी ठेवा की नजर सरळ किंवा किंचित वर राहील, आणि काही मिनिटांनी मान खाली आणून थोडे थांबा.

६. मान मोडून घेतल्याने किंवा मानेवर झटका देणाऱ्या उपचाराने डिसेक्शन होतं का?

संबंध दिसतो. पण कोणामुळे काय झाले हे ठरवणे अवघड आहे, आणि ते का अवघड आहे हे समजून घेण्यासारखे आहे. डिसेक्शनचे पहिले लक्षण मानदुखी असते, आणि मान दुखते म्हणूनच माणूस मान मोडून घ्यायला जातो. म्हणजे काही जणांची धमनी झटका बसण्याआधीच उकललेली असते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या २००८ च्या अभ्यासात मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकचा संबंध कायरोप्रॅक्टरकडच्या (मणक्यांना हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्याकडच्या) भेटीशी जितका दिसला, तितकाच साध्या डॉक्टरकडच्या भेटीशीही दिसला. डॉक्टरने तर मानेला हातही लावलेला नसतो. हार्ट आणि स्ट्रोकवर काम करणाऱ्या अमेरिकन संघटनांनी २०१४ मध्ये निवेदन काढले त्यातही सूर असाच होता: संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेले नाही, पण रुग्णाला आधी सांगितले पाहिजे.

तरी आमचा सल्ला ठाम आहे. आधीच उकललेल्या धमनीला झटका दिला तर गुठळी सुटू शकते किंवा चीर वाढू शकते. त्यामुळे मानदुखी नवी असेल, एका बाजूची असेल, पूर्वी कधी अशी दुखली नसेल, तर मान कडाकडा मोडणारा कोणताही उपचार नको. मानेचे स्नायू हळुवार चोळणे, शेकणे, सावकाश ताणणे यांत असा झटका नसतो. आणि ज्यांना डिसेक्शन होऊन गेले आहे त्यांनी मानेवरचे झटके कायमचे टाळावेत.

७. गाडीच्या अपघातानंतर मानेचा एक्स-रे नॉर्मल आला. तरी धमनीला इजा असू शकते?

असू शकते. एक्स-रेत हाड दिसते, धमनी दिसत नाही. मोठ्या बोथट आघाताच्या रुग्णांपैकी साधारण १ ते २ टक्क्यांना मानेतल्या धमनीची इजा होते आणि सुरुवातीला अनेकांना काहीच जाणवत नाही. लक्षणे काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतात. मधला हा काळ म्हणजे स्ट्रोक टाळण्याची संधी असते.

पुढीलपैकी काही असेल तर लक्षणे नसतानाही सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारे सीटी स्कॅन) करतात: मानेच्या पहिल्या तीन मणक्यांपैकी कोणाचेही फ्रॅक्चर, धमनीच्या छिद्रातून गेलेले फ्रॅक्चर, मणका सरकणे, कवटीच्या तळाचे कॅरोटिडच्या मार्गातून गेलेले फ्रॅक्चर, चेहऱ्याच्या मधल्या भागाचे मोठे फ्रॅक्चर, गळा आवळला जाणे, किंवा मानेवर सीटबेल्टचा वळ आणि त्याखाली सूज. मेंदूच्या सीटीत काही दिसत नसताना एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर ती सर्वात मोठी खूण.

सीटबेल्टने धमनीला इजा होऊ शकते म्हणून तो न लावणे हा मात्र भयंकर सौदा आहे. पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मध्यावरून जाईल अशी त्याची उंची ठेवा.

गळा आवळला गेल्याची माहिती रुग्ण अनेकदा लाजेने किंवा भीतीने लपवतात, कारण ते घरातल्याच कोणीतरी केलेले असते. हे डॉक्टरांना सांगितले तरच योग्य तपासणी होते. बाहेर वळ न दिसणे म्हणजे आत इजा नाही, असे नव्हे.

८. आधी आठवडाभर सर्दी-ताप होता. त्याचा संबंध आहे का?

बहुधा आहे. डिसेक्शन झालेल्यांमध्ये आदल्या काही आठवड्यांत संसर्ग, विशेषतः श्वसनमार्गाचा, होऊन गेल्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. खोकल्या-शिंकांचा हिशेब वेगळा काढला तरी हा संबंध उरतो. संसर्गात शरीरभर उठणारा दाह काही काळ धमनीची भिंत कच्ची करतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. थंडीच्या दिवसांत डिसेक्शन वाढतात, तेही याच्याशी जुळते.

प्रत्येक सर्दीला घाबरण्याचे कारण नाही. पण ताप ओसरल्यावर मानेच्या एकाच बाजूला नवी, खोल दुखण सुरू झाली तर «सर्दीचेच दुखणे» म्हणून सोडू नका.

९. मला मायग्रेन आहे. धोका किती?

मायग्रेन असणाऱ्यांत डिसेक्शनचे प्रमाण साधारण दुप्पट दिसते, आणि हा संबंध ऑरा (डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणे वगैरे) नसलेल्या मायग्रेनमध्ये अधिक ठळक आहे. पण मूळ धोकाच इतका लहान आहे की दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. मायग्रेनमुळे धमनी फाटते, असे नाही. भिंतीच्या घडणीतला एकच कल दोन्हींच्या मुळाशी असावा, असे पुरावे सांगतात. प्रश्न ११ च्या शेवटी उल्लेख केलेले फॅक्टर-१ हे जनुक दोन्हीशी जोडलेले आहे.

खरी अडचण ओळखण्याची असते. डोके दुखण्याची सवय असलेला माणूस नवे दुखणेही जुन्याच खात्यात टाकतो. तुमचे नेहमीचे दुखणे कसे असते ते तुम्हालाच माहीत. आजचे दुखणे जागेने, जातीने किंवा जोराने वेगळे असेल, ठरलेल्या गोळीला दाद देत नसेल, मानेतून वर चढत असेल, तर तो वेगळेपणा डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

१०. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, सिगारेट यांचं काय?

हृदयविकाराचे गणित इथे लागू पडत नाही. उच्च रक्तदाबाचा संबंध आहे, पण सौम्य. मधुमेहाचा आणि धूम्रपानाचा ठळक संबंध दिसत नाही. जास्त कोलेस्टेरॉल आणि जास्त वजन तर डिसेक्शनच्या रुग्णांमध्ये इतर स्ट्रोकच्या रुग्णांपेक्षा कमी आढळतात. «रिपोर्ट सगळे चांगले असताना हे कसे झाले» याचे उत्तर इथे आहे. हा चरबी साचण्याचा आजार नाही, भिंतीच्या विणीचा आहे.

रक्तदाब मात्र ताब्यात ठेवायलाच हवा, कारण उकललेल्या भिंतीवर तोच दाब पडत असतो. रक्तातले होमोसिस्टीन वाढलेले असणे हाही एक छोटा जोखीम घटक आहे. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर भरून काढावे.

११. हे आनुवंशिक आहे का? भावंडांची, मुलांची तपासणी करू का?

एकाच जनुकातल्या दोषामुळे झालेले डिसेक्शन थोडेच, शंभरात १ ते ५. यात सर्वात महत्त्वाचा आजार म्हणजे व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस. त्यात तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचे जनुक बिघडलेले असते. पातळ, आतल्या शिरा दिसणारी त्वचा, थोडक्यात उठणारे काळे-निळे डाग, आतडे किंवा गर्भाशय अचानक फाटल्याचा इतिहास या त्याच्या खुणा. मार्फानमध्ये उंच शिडशिडीत बांधा, लांब बोटे आणि डोळ्यातले भिंग सरकणे, तर लॉइस-डिट्झमध्ये दुभागलेली पडजीभ, दूर असलेले डोळे आणि फार नागमोडी धमन्या दिसतात. हाडे सहज मोडणे आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर असणे ही ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाची चिन्हे.

अशा खुणा असतील, एकापेक्षा जास्त धमन्या उकलल्या असतील, डिसेक्शन परत झाले असेल, किंवा घरात कमी वयात कोणाला महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) फुगा झाला असेल, कोणाची धमनी फाटली असेल वा कोणाचा अकाली आकस्मिक मृत्यू झाला असेल, तर जनुकीय सल्लागाराला भेटा. यातले काहीच नसेल तर भावंडांची सरसकट तपासणी करत नाहीत. व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉसची शंका असेल तर धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफीसुद्धा धोक्याची, कारण नळीनेच धमनी फाटू शकते. म्हणून ही शंका तपासणीच्या आधी बोलून दाखवली पाहिजे.

बाकीच्यांमध्ये अनेक लहान लहान कल एकत्र येतात. त्यातला नीट अभ्यासलेला म्हणजे फॅक्टर-१ (PHACTR1) या जनुकातला एक बदल. त्याचे एक रूप डिसेक्शन आणि मायग्रेनपासून थोडे संरक्षण देते, पण तेच रूप हृदयाच्या धमन्यांत अडथळा होण्याची शक्यता वाढवते. तो तपासून उपचारात काही बदल होत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

१२. रिपोर्टमध्ये «मण्यांच्या माळेसारखी धमनी» असं लिहिलंय. ते काय?

ते फायब्रोमस्क्युलर डिसप्लेजियाचे चित्र. भिंतीचा मधला थर कुठे जाड, कुठे पातळ होतो, म्हणून धमनी माळेसारखी दिसते. बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असतात. मानेच्या डिसेक्शनच्या रुग्णांमध्ये हा दोष सहापैकी एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त जणांना सापडतो. तो बहुधा एकाच धमनीपुरता नसतो. त्यामुळे डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांचे सीटी किंवा एमआर अँजिओग्राम एकदा तरी करावे, मेंदूतले फुगे आणि किडनीच्या धमन्या दोन्ही पाहण्यासाठी. कमी वयातला, गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब हा किडनीच्या धमनीकडे बोट दाखवतो.

१३. कानाखालचं हाड वाढल्याने धमनी फाटू शकते?

हो, क्वचित. कानाच्या खालच्या बाजूने निघणारे स्टायलॉइड हे सुळक्यासारखे हाड साधारण २.५ ते ३ सेंटिमीटर लांब असते. ते याहून लांब असेल किंवा आतल्या बाजूला कललेले असेल, तर मान वळवताना कॅरोटिडला टोचते. घशात काटा अडकल्यासारखे वाटणे, गिळताना किंवा मान वळवताना कानाकडे जाणारी कळ या तक्रारी असतील, किंवा एकाच जागी पुन्हा डिसेक्शन झाले असेल, तर सीटीत या हाडाची लांबी मुद्दाम मोजायला सांगा. न विचारता ती अनेकदा रिपोर्टमध्ये येत नाही. नुसते हाड लांब आहे, त्रास काही नाही, तर काही करावे लागत नाही.

१४. कवटीच्या आतल्या धमनीचं डिसेक्शन वेगळं असतं का?

बरेच वेगळे, आणि हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे. कवटीत शिरल्यावर धमनीचे बाहेरचे आवरण पातळ होते आणि बाहेरचा लवचीक पडदा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे मानेत जिथे नुसता फुगा झाला असता, तिथे कवटीत धमनी पूर्ण फुटून मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी ही त्याची खूण. प्रौढांमध्ये बहुधा व्हर्टिब्रलचा कवटीतला भाग उकलतो. आशियाई लोकांमध्ये आणि मुलांमध्ये कवटीतल्या डिसेक्शनचा वाटा तुलनेने मोठा आढळतो.

मानेच्या डिसेक्शनमध्ये रक्त पातळ करणारी औषधे देतात. इथे रक्तस्राव झालेला असेल तर तीच औषधे घातक ठरतात. म्हणून चीर कवटीच्या आत की बाहेर, हे औषध सुरू करण्याआधी पाहिले जाते.

१५. गरोदरपण, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या?

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे जास्त जोखमीचे. कळा देतानाचा जोर हे अपुरे कारण आहे, कारण सिझेरियन झालेल्यांनाही डिसेक्शन होते. संप्रेरकांमुळे भिंतीत झालेले बदल, गरोदरपणातला रक्तदाब आणि मेंदूच्या धमन्या आकुंचन पावण्याचा विकार हे सगळे यात येऊ शकते. स्पायनल इंजेक्शननंतरची (पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीनंतरची) डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. आडवे होऊनही न उतरणारे, मानेच्या एका बाजूचे दुखणे «झोप झाली नाही» म्हणून सोडले जाते. ते सोडू नका.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांचा डिसेक्शनशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही. पण स्ट्रोक येऊन गेला असेल तर त्या गोळ्या सहसा बंद करून दुसरा उपाय सुचवतात.

१६. एखाद्या औषधाने होऊ शकतं का?

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला. तो महाधमनीच्या फुग्याविषयी आणि फाटण्याविषयी होता, मानेच्या धमन्यांविषयी नव्हे. तरी प्रश्न ११ मधला एखादा आजार असेल किंवा डिसेक्शन होऊन गेले असेल, तर डॉक्टरांना ते सांगा आणि पर्यायी औषध चालेल का ते विचारा. कोकेन, अॅम्फेटामाइन यांसारख्या पदार्थांनी रक्तदाब एकदम उसळतो, आणि त्यांच्या सेवनानंतर डिसेक्शन झाल्याच्या नोंदी आहेत.

१७. छातीत दुखून मग मानेत आणि डोक्यात गेलं. हे तेच का?

हे वेगळे आणि अधिक तातडीचे असू शकते. हृदयातून निघणारी महाधमनी उकलली तर चीर वर कॅरोटिडमध्ये चढू शकते. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आणि दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक या त्याच्या खुणा. अशा वेळी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर जीव जाऊ शकतो. म्हणून स्ट्रोकच्या रुग्णाला छातीत दुखले होते का, हे घरच्यांनी न विचारताही सांगावे.

१८. कोणत्या लक्षणांवर लगेच जायचं?

दुखणे हे सर्वात पहिले लक्षण: कॅरोटिड असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला, जबड्यात, डोळ्याभोवती, आणि व्हर्टिब्रल असेल तर मानेच्या मागे आणि डोक्याच्या मागच्या भागात. कॅरोटिडच्या भिंतीवरून डोळ्याकडे जाणारे मज्जातंतू दाबले गेले की त्या बाजूची पापणी किंचित उतरते आणि बाहुली लहान होते. बाहुलीतला फरक अंधाऱ्या खोलीत जास्त स्पष्ट दिसतो. मान दुखणे आणि हे चिन्ह एकत्र असेल तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ते डिसेक्शनच समजतात. कानात नाडीच्या ठोक्यासोबत घुमणारा आवाज आणि जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणे ही आणखी दोन चिन्हे.

बहुतेक स्ट्रोक पहिल्या दोन आठवड्यांत येतात. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दोन दोन दिसणे, गरगरून तोल जाणे हे सगळे पाच मिनिटांत बरे झाले तरीही इस्पितळात जा. लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, आणि मानेतले डिसेक्शन त्याच्या आड येत नाही. शेवटी रुग्ण ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून न्या.

१९. डॉपलर नॉर्मल आला. मग नाहीच ना?

तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सोनोग्राफीचा डॉपलर कवटीच्या तळाजवळ आणि मणक्यांच्या छिद्रांत नीट पाहू शकत नाही, आणि डिसेक्शन बरोबर तिथेच होते. सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते, म्हणून आधी तीच करतात. एमआरआयमध्ये चरबीचा उजेड दाबून घेतलेल्या विशेष चित्रांत भिंतीतले रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे दिसते. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत ही कोर उमटलेली नसू शकते. विनंतीच्या कागदावर «डिसेक्शनची शंका» हे शब्द हवेत. ते नसतील तर ही चित्रे घेतलीच जात नाहीत. आणि चारही धमन्या पाहाव्यात, कारण साधारण सहापैकी एकाला एकाच वेळी दोन धमन्यांत चीर असते.

२०. कारण सापडलं नाही तर उपचार कसे करणार? आणि परत होईल का?

उपचार कारणापेक्षा गुठळी रोखण्यावर बेतलेले असतात: अॅस्पिरिनसारखी औषधे किंवा रक्त पातळ करणारी औषधे, किमान ३ ते ६ महिने. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅडिस या २५० रुग्णांच्या चाचणीत या दोन्ही औषधांच्या गटांत स्ट्रोक इतके कमी होते की फरक दिसला नाही. २०२१ च्या ट्रीट-कॅड चाचणीत अॅस्पिरिन रक्त पातळ करणाऱ्या औषधांइतकेच चांगले आहे, हे सिद्ध करता आले नाही. म्हणून निवड रुग्णागणिक होते. गोळी स्वतःहून बंद करू नका. दात काढण्यासाठीसुद्धा आधी विचारा.

अरुंद झालेल्या बहुतेक धमन्या ३ ते ६ महिन्यांत सावरतात, पूर्ण बंद पडलेल्या त्या मानाने कमी. परत होण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वाधिक, सुमारे २ टक्के. नंतर वर्षाला साधारण १ टक्का. प्रश्न ११ आणि १२ मधला आजार असेल तर ती जास्त.

पहिले ३ महिने जड वजन, शरीराला शरीर भिडणारे खेळ, मानेवर भार येणारे व्यायाम आणि मानेचे झटके बंद. चालणे पहिल्यापासून चालते, रक्तदाब स्थिर असेल तर. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, खोकला अंगावर काढू नका. पुढचे बंधन किती सैल करायचे ते ३ महिन्यांनंतरचे चित्र पाहून ठरते. तेव्हाचे स्कॅन शक्यतो पहिल्याच पद्धतीने आणि पहिली सीडी सोबत नेऊन करा, नाहीतर दोन चित्रांची तुलना धड होत नाही.